मुशीच्या अंगात मुरलेलं

छातीत दुखण्याचं सोंग कसं वठवावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. तरी गेल्या नवरात्रात अष्टमीच्या सकाळी मी ते घरच्या सोप्यात असं काही वठवलं, की घटाला पाणी घालणाऱ्या वहिनीनं अख्खा तांब्या घटावर उपडा केला. एक हात खांबाला, दुसरा छातीवर, मान मागं, आणि पोटातून काढलेली हाक, "दादाऽऽ!"

माझा थोरला भाऊ चहाची बशी तशीच ठेवून धावत आला.

"काय झालं रं, बारक्या?"

"कळ... छातीत... सारखी कळ..."

"कवापासनं?"

"पहाटंपासनं."

"आन मगाशी तीन भाकऱ्या खाल्ल्यास ते?"

हा प्रश्न मी गृहीत धरला नव्हता. मी डोळे मिटले आणि गुडघ्यात वाकलो. दादानं गाडीची किल्ली उचलली, मला बखोटीला धरून गाडीत कोंबलं आणि वहिनीला म्हणाला, "मिरजंला निघालो. हार्टच्या डॉक्टरला दावतो ह्याला."

मला नेमकं हेच हवं होतं. कारण छाती दुखत होती ती माझी नव्हे, त्याची. आणि तो मिरजेला जायला तयार नव्हता, याचं कारण मी होतो.

आम्ही दोघं गलाईवाले. विट्याच्या आसपासच्या गावांत घरटी एक तरी माणूस या धंद्यात सापडतो. जुने दागिने घ्यायचे, मुशीत, म्हणजे भट्टीतल्या मातीच्या भांड्यात, घालून वितळवायचे, तेजाबाला इतर धातू खाऊ द्यायचे आणि निखळ सोनं ओतायचं. तमिळ मुलखातल्या एका शहरात, बोळातल्या दहा बाय बाराच्या दुकानात, आम्ही भावांनी अठ्ठावीस वर्षं भट्टी पेटती ठेवली. आता दुकान पोरांच्या हाती आहे. आमच्या धंद्याचा एक नियम सांगतो, कारण सगळं रामायण त्यावरच घडलं. सोनं ओतून झालं की त्याचा टंच काढतात, म्हणजे शुद्धता तपासतात. टंचाची चिठ्ठी आली की विषय संपला. चिठ्ठीशी कुणी वाद घालत नाही. आणि एकदा शुद्ध निघालेलं सोनं परत भट्टीत कुणी घालत नाही. घातलं तर बोळातली माणसं हसतील.

तीन वर्षांमागं विट्याच्या डॉक्टरांनी दादाच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून रोजची एक गोळी दिली होती. वर्षभरानं पुन्हा रक्त तपासलं. कागद आला. दादाला इंग्रजी वाचता येत नाही. मी बारावी नापास, म्हणजे आमच्या घरातला विद्वान. मी चष्मा लावला. सगळे आकडे कंसातल्या हद्दीत बसलेले. आता हे घरात बसून सांगायचं सोडून मी कागद घेऊन देवळापुढच्या कट्ट्यावर गेलो. तिथं आठदहा माणसं बसलेली. माणसं दिसली की माझ्या अंगात काय संचारतं ते मला कधीच कळलेलं नाही. मी कट्ट्यावर चढलो, कागद फडकावला आणि ओरडलो, "ऐका हो ऐका! आमच्या दादाचं रक्त शंभर नंबरी निघालंय!"

टाळ्या पडल्या. चहा आला. दादानं हसत हसत तो कागद माझ्या हातातून घेतला, टंचाच्या चिठ्ठीसारखा चार घड्या घालून खिशात ठेवला, आणि त्या दिवसापासून गोळी बंद केली.

"शुद्ध निघालं न्हवं? मग परत भट्टीत कशाला घालायचं?"

मला ते अगदी पटलं. मी मान डोलावली. ती मान आजही मला कधी कधी आरशात डोलताना दिसते.

गेल्या पावसाळ्यात मला पहिल्यांदा शंका आली. मळ्याकडं जाताना चढावर दादा थांबायचा आणि शेजारच्यांचं पीक बघत उभा राहायचा. चांगलं मिनिटभर बघायचा. एकदा माझ्या लक्षात आलं की ज्या वावराकडं तो एवढा टक लावून बघतोय ते पडीक आहे. मग नवरात्र आलं. आमच्याकडं दसऱ्याला दोन पालख्यांची शर्यत लागते. एक आमच्या गावची, एक शेजारच्या वाडीची, आणि दोन्हीकडची माणसं खांदा देत शिलंगणाच्या माळापर्यंत पळत सुटतात. पुढची उजवी दांडी आमच्या घरची. तीस वर्षं दादानं ती कुणाला दिली नाही. त्या एका दिवसासाठी दोन रात्री रेल्वेत काढून तो यायचा. घटस्थापनेच्या दिवशी सरावाला तो वाटेवरच्या चिंचेपर्यंत पळाला आणि थांबला. कपाळाला घाम, हात जबड्यावर.

"काय झालं?"

"दाढ दुखतीया."

घरी वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, दाढ दुखती म्हणत्यात आन हात छातीवर ठेवत्यात. दाढ छातीत असती व्हय?"

मी दादाला गाठलं. त्यानं खिशातून कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला, पण तोच.

"चिठ्ठी हाय माझ्याकडं. तूच वाचलीस न्हवं?"

"आरं, पर एकदा दाखवून येऊ की."

"दसरा झाल्यावर."

सात दिवस मी विनवण्या केल्या. सात दिवस तेच उत्तर. शेवटी मला एकच हत्यार उरलं. दादा स्वतःसाठी डॉक्टरची पायरी चढला नसता, पण माझ्यासाठी तो विहिरीत उडी टाकेल. वहिनीला मी बेत सांगितला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर काही लपत नाही.

तर आम्ही निघालो. गाडी दादा चालवत होता. मला चारचाकी येत नाही. ही गोष्ट बेत रचताना माझ्या डोक्यात आली नाही, यावरून माझी विद्वत्ता किती ते समजा. तासगाव येईपर्यंत मी कण्हत होतो. खड्डा आला की जरा जोरात. दादा एक डोळा रस्त्यावर आणि एक माझ्यावर ठेवून होता. तासगाव मागं पडलं तसा तो वैतागून म्हणाला, "आरं, डाव्या बगलंत कशाला धरलंयस? असं न्हाई दुखत."

मी कण्हायचा थांबलो.

"मग कसं दुखतं?"

"मधी. हितं. वरवंटा ठेवल्यावानी. मग डावा हात जड हुतो आन दाढ वढती. चाललं की येतं, थांबलं की..."

त्यानं गाडी जराशी हळू केली आणि माझ्याकडं वळून बघितलं.

"तुला काय सुदीक हुईत न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई."

"सोंगाड्या."

"व्हय."

आणि दादा हसायला लागला. आधी नाकातून, मग खांदे हलवत. त्याचं हसू बघून मलाही आवरेना. दोन म्हातारपणाकडं झुकलेले भाऊ द्राक्षबागांच्या मधून हसत चालले होते. मग त्याचं हसू मधेच तुटलं. तुटलं म्हणजे तुटलंच, जसा नळ बंद होतो. मी वळून बघितलं. कपाळ घामानं निथळत होतं, ओठ राखेच्या रंगाचे झाले होते, आणि गाडी हळूहळू रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडं सरकत होती.

"दादा, गाडी बाजूला घे."

"जातंय... थांब..."

"दादा, गाडी घे बाजूला!"

समोरून उसाची ट्रॉली येत होती. दादानं दात आवळले, दोन्ही हातांनी चाक वळवलं आणि गाडी बांधाला घासत उभी केली. इंजिन बंद करून त्यानं कपाळ चाकावर टेकलं.

"थांबलं की जातं," तो पुटपुटला. "थांबलो न्हवं. जाईल."

आम्ही थांबलो. मी मोबाईलवरच्या घड्याळाकडं बघत होतो. तीन मिनिटं. पाच मिनिटं. दहा. गेलं नाही. त्याचा हात मी हातात घेतला तर तो थंड आणि ओला.

मी रस्त्यावर उतरलो. आयुष्यभर ज्या माणसानं कारण नसताना शंभर माणसं गोळा केली, त्याचा त्या वेळी आवाज फुटेना. मी हात हलवत होतो, गाड्या भर्रकन निघून जात होत्या. एका मोटारसायकलवाल्यानं मला हात केला, ओळखीचा समजून. १०८ नंबर लावायचंसुद्धा सुचलं नाही. त्याबद्दल पुढं दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला चांगलं सुनावलं. शेवटी बागांच्या छाटणीला माणसं घेऊन निघालेली एक पिकअप थांबली. मागच्या बायांनी गाडीत डोकावून बघितलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "आवं, त्यो माणूस बरा दिसंना. आमी जातो चालत बागंपर्यंत. तुमी न्ह्या त्यास्नी."

त्या ड्रायव्हरनं दादाला मागच्या सीटवर आडवं केलं, उशाला माझी मांडी दिली आणि आमची गाडी ताब्यात घेतली.

"कुटं न्यायचं, पाव्हणं?"

"मिरजंला. हार्टच्या दवाखान्यात."

"धरून बसा."

पुढची पंचवीस मिनिटं मी दादाच्या छातीकडं बघत होतो. वर जाते का, खाली येते का. एका फाटकाशी रेल्वे आडवी गेली तेव्हा ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून बसला होता, जणू रेल्वे त्याला वाट देणार होती. दादानं डोळे उघडले आणि म्हणाला, "दुखतंय का रं अजून तुझ्या?"

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. वॉर्डबॉयनं विचारलं, "पेशंट कोण?"

दादानं पडल्या पडल्या माझ्याकडं बोट केलं. "ह्यो. पहाटंपासनं छातीत दुखतंय त्याच्या."

मी दादाकडं बोट केलं. वॉर्डबॉयनं दोघांच्या तोंडाकडं बघितलं आणि दादाला आत घेतलं. छातीला तारा लागल्या, कागदावर रेघा आल्या, आणि डॉक्टरबाई आल्या. चाळिशीच्या असतील. चष्मा डोक्यावर सरकवलेला. रेघा बघितल्या आणि त्यांचं चालणं बदललं.

"हृदयाची एक रक्तवाहिनी बंद पडत चाललीय. लगेच अँजिओग्राफी करायची, आणि बहुतेक स्टेंट घालून ती उघडायला लागेल. लॅब तयार होतेय. नातेवाईक तुम्हीच ना? सही लागेल."

"थांबा," दादा म्हणाला. तारांच्या जंजाळातून त्यानं हात काढला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि चार घड्यांचा कागद पुढं केला. "हे बघा आधी. रगत शुद्ध हाय माझं. परवा दसरा हाय. पालखी झाली की येतो."

बाईंनी कागद उलगडला. तारीख बघितली.

"दोन वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती?"

"व्हय."

"आणि आता?"

दादा छातीवरच्या तारा चाचपायला लागला.

"कुणाच्या सांगण्यावरून बंद केली?"

दादानं छताकडं नजर लावली. त्यानं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"माझ्या," मी म्हणालो. "मीच वाचला तो कागद. शंभर नंबरी म्हणालो."

बाई रागावतील असं वाटलं. त्या रागावल्या नाहीत. दादाच्या उशाशी वाकल्या. त्यांच्याकडं वेळ थोडा होता आणि त्यांना त्याचं मन वळवायचं होतं.

"बाबा, आकडे चांगले आले ते गोळीमुळं. आणि हा आकडा वाहत्या रक्ताचा आहे. नळीच्या भिंतीत काय जाऊन बसलंय ते यात येत नाही. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे बारीक कण असतात. ते जास्त झाले की अस्तरातून आत शिरतात आणि भिंतीत अडकतात. अडकले की तिथंच खराब होतात. तेल बरेच दिवस राहिलं की खवट होतं ना? तसंच, प्राणवायूची क्रिया होऊन. बिडी ओढता?"

"ओढायचो. भट्टीम्होरं बसून."

"बिडीनं ते आणखी वाढतं. तर हा खवट कण शरीराला आपला वाटत नाही. पांढऱ्या पेशी त्याला गिळायला येतात. गिळतच राहतात. फुगून फेसाळ होतात आणि तिथंच मरतात. त्यांचा ढीग साचतो, वर्षांनी त्यात कॅल्शियमही बसतं, नळी कडक आणि अरुंद होते. ढिगावर सायीसारखा एक पापुद्रा असतो. तो फाटला की रक्त गोठून नळी बंद. आज तुमचा फाटलाय."

दादाचे डोळे मिटलेले. मला वाटलं त्यानं ऐकलंच नाही. मग तो म्हणाला, "म्हंजी मुशीच्या अंगात मुरल्यालं."

"काय म्हणाले?" बाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. आम्ही मुशीतून सोनं ओततो आणि टंच काढतो तो ओतलेल्या सोन्याचा. पण मूससुद्धा धातू पिते. दरवेळी थोडा थोडा तिच्या भिंतीत मुरतो. म्हणून जुनी मूस कुणी फेकत नाही, कुटून बघतात, आणि काय काय निघतं ते बघून नवा माणूस चाट पडतो. ते चिठ्ठीत कधीच नसतं.

"आपुन सोन्याची चिठ्ठी वाचली, बारक्या," दादा म्हणाला. "मूस कुणी बघितलीच न्हाई."

"तुमची मूस कुटून बघता येणार नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून फोटो काढायचा. काढू?"

दादानं दोन श्वास घेतले. दुसरा अर्ध्यावर अडकला.

"काढा." मग माझ्याकडं बघून, "सही कर. आन ह्याबारी नीट वाच."

दोन पानी कागद होता, मराठीत. मी तो मोठ्यानं वाचला, एका सुरात, एकाही शब्दावर जोर न देता. जिवाला धोका असू शकतो ही ओळसुद्धा. नर्स घाई करत होती. दादा प्रत्येक ओळीला मान हलवत होता. मग त्याला नेलं.

बाकड्यावर बसलो तोच जिन्यावरून वहिनी आली, शेजाऱ्याच्या गाडीतून, तशीच, पायावर घटाच्या मातीचे डाग घेऊन. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"आगं बया! भावजी, तुमी बसलाय की नीट! बरं वाटतंय न्हवं?"

"बरं हाय."

"देवी पावली. आन हे कुठं गेलं? च्या प्यायला?"

मी लाल दिवा लागलेल्या दाराकडं बघितलं. वहिनीनं माझ्या नजरेबरोबर नजर वळवली, दाराकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. ती ओरडली नाही. हळूच बाकड्यावर बसली आणि पदर मुठीत धरून म्हणाली, "दाढ."

"व्हय, वहिनी."

तासाभरानं डॉक्टरबाई बाहेर आल्या. पुढची मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती. उघडली होती. स्टेंट बसला होता. "जेमतेम वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "अजून तासभर उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते." मग १०८ वरून मला ऐकवलं. मग सूचना. रोजची गोळी जन्मभर, आकडे कितीही चांगले आले तरी. बिडीचं नाव नाही. रक्तदाब वेळोवेळी तपासायचा.

"आन डाळिंबाचा रस?" वहिनीनं विचारलं. "गावात म्हणत्यात, त्यानं हे खवट हुयाचं थांबतं."

"आवडत असेल तर द्या. गोळीच्या जागी नाही. नुसत्या रसानं किंवा कुठल्या बाटलीतल्या औषधानं हे थांबल्याचं अजून कुणाला दाखवता आलेलं नाही."

दसऱ्याच्या दिवशी दादा वॉर्डातच होता. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. संध्याकाळी गावाकडून फोन आला, व्हिडिओचा. पुढच्या उजव्या दांडीला माझा चुलत पुतण्या. दादानं फोन माझ्याकडून हिसकावून घेतला. गुलाल, ढोल, "चांगभलं" आणि मग दोन्ही पालख्या सुटल्या. दादाचे पाय चादरीखाली हलायला लागले. मी पालखी बघत नव्हतो. मी त्याच्या डोक्यावरच्या पडद्यावरचा, हृदयाच्या ठोक्यांचा हिरवा आकडा बघत होतो. शहात्तर. चौऱ्याऐंशी. शहाण्णव.

"दादा, बास."

"चिंचंपर्यंत बघू दे."

एकशे चार.

नर्स आली, फोन काढून माझ्या हातात कोंबला आणि मला बाहेर हाकललं. व्हरांड्यात उभं राहून मी शर्यतीचा शेवट बघितला. कोण कुठं अडखळलं, कुणी कुणाला ढकललं, माळावर काय दंगा झाला, सगळं. अशी शर्यत आमच्या गावानं बघितली नव्हती. माझ्या अंगातला कट्टा उसळी मारत होता.

आत गेलो. दादानं मान वळवली.

"कोण जितलं?"

मी पडद्याकडं बघितलं. अठ्ठ्याण्णव.

"रेंज गेली," मी म्हणालो. "घरी गेल्यावर कळंल."

"खरं सांग."

"खरंच."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले. मी खुर्ची पलंगाला लावून बसलो आणि आकडा खाली येईपर्यंत एक शब्द बोललो नाही.